वाग्गेयकार म्हणजे कोण?

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात झालेले भाषण)



आम्हाला वेळ अर्धा तास दिला आहे. कीर्तनकाराला अर्धा तास म्हणजे नमनालाच जातो, तरी सांभाळून घ्या.

विषय आम्हाला एका फलकानं दिला. शताब्दीचे फलक छापून आले, त्यांतला मोठा मंदिरासमोर बांधायला घेतला. त्यावर नामदेवरायांच्या चित्राखाली लिहिलं होतं, 'आद्य कीर्तनकार, थोर वाग्गेयकार, संतशिरोमणी श्री नामदेव महाराज'. मजकूर आपल्याच गावच्या एका पोरानं केला. तो गाण्याच्या परीक्षा देतो आहे, शब्द तिथूनच आणलेला. आपले एक जुने टाळकरी खाली उभे राहून अक्षर अक्षर लावून वाचायले. वाचून झाल्यावर म्हणाले, "महाराज, हे वाघ्या गायकार कोण? वाघ्या-मुरळी तर खंडोबाचे. आपल्या फलकावर कामून?"

सगळे हसले, आम्हीही हसलो. पण बाबा हसले नाहीत. म्हणाले, "हसू नका, अर्थ सांगा." आणि आम्हाला तो धड सांगता आला नाही. उभा जन्म नारदाच्या गादीवर उभं राहण्यात गेला, रोज नामदेवरायांचं नाव घेतो, आणि त्यांना लावलेला एक शब्द आम्हाला उकलता येईना. लाज वाटली. मग त्या पोराला घरी बोलावलं, त्याची पुस्तकं चाळली, त्यानं वाचून दाखवलं. जे कळलं ते आज तुमच्यापुढं ठेवतो. शेवटी आमची एक चूकही ठेवायची आहे, ती या शब्दातूनच निघाली.

वाक् म्हणजे बोल. गेय म्हणजे गायचं ते. कार म्हणजे करणारा. बोलही ज्याचे आणि चालही ज्याची, तो वाग्गेयकार. बस, एवढाच अर्थ. शब्द दिसायला अवघड, आतून साधा.

हा शब्द मोठ्या मानानं सांगणारा ग्रंथ आपल्याच मराठवाड्यात झाला, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. देवगिरीला यादवांचं राज्य होतं. सिंघण राजाच्या दरबारात, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, शार्ङ्गदेव नावाचे पंडित होते. घराणं मूळचं काश्मीरचं, काम दरबारी हिशेबाचं, आणि ग्रंथ लिहिला संगीतावर, 'संगीतरत्नाकर'. त्यांनी गाण्याचे दोन भाग केले. बोलांना म्हणाले मातु आणि चालीला म्हणाले धातु. दोन्ही ज्याला उत्तम साधतं तो उत्तम वाग्गेयकार. बोल कितीही गोड असले आणि चाल मंद असली, तर त्याला त्यांनी खालच्या पायरीवर बसवलं. आम्हा बोलक्या कीर्तनकारांना हे जरा झोंबलं, पण गाण्याचा ग्रंथ आहे, तो चालीच्या बाजूनं बोलणार.

आणखी एक नाव त्यांनी दिलंय, ते ऐका. दुसऱ्याच्या चालीवर जो आपले बोल बसवतो त्याला ते कुट्टिकार म्हणतात. आता सांगा, आपल्या भजनी मंडळात कुट्टिकार किती आहेत? सिनेमाचं गाणं आलं की आठ दिवसांत त्यावर विठ्ठल चढतो! आम्हाला वाटायचं हे मोबाईलच्या जमान्याचं खूळ. तर आठशे वर्षांपूर्वी देवगिरीला त्याचं नाव ठेवून झालेलं होतं. आम्ही टीका करत नाही. पोरं त्या चालीच्या ओढीनं टाळ हातात घेतात, मग हळूहळू चक्रीभजनाला येतात. आम्ही स्वतःसुद्धा तरुणपणी हे केलंय. फक्त शब्द माहीत असावा.

उत्तम वाग्गेयकाराच्या अंगी काय काय हवं, याची शार्ङ्गदेवांनी लांब यादी दिलीय. व्याकरण हवं, छंद हवेत, अलंकार हवेत, अनेक भाषा हव्यात, आवाज मनाला भावणारा हवा, लय-ताल हवा, दुसऱ्याच्या मनातलं ओळखता यायला हवं. राग-द्वेष टाकलेला हवा. अंगात ओलावा हवा. आणि बोल दुसऱ्याचे उष्टे नकोत, आपले ताजे हवेत.

इथं आम्ही थांबलो. कारण आपले तुकोबाराय स्वतःबद्दल काय सांगतात? संतांचं उष्टंच आपण बोलतो, असं ते छातीवर हात ठेवून सांगतात. दरबारचा ग्रंथ म्हणतो उष्टं चालत नाही, आणि आपल्याकडे ज्यांच्या गाथ्यावर सारा महाराष्ट्र जगतो ते म्हणतात माझं सगळं उष्टंच आहे. मग तुकोबाराय वाग्गेयकार की नाहीत? पोरगं म्हणालं, आहेत. आम्ही म्हणालो, ते स्वतः नाही म्हणतील. दोघंही बरोबर.

नामदेवरायांचं बघा. इ. स. १२७० चा जन्म. म्हणजे देवगिरीचा तो ग्रंथ लिहून झाला आणि त्यानंतर काही वर्षांतच आपल्या कयाधूकाठच्या नरसीचं हे लेकरू जन्माला आलं. दरबारात शब्दाची व्याख्या झाली आणि शिंप्याच्या घरात माणूस झाला! औंढ्याला विसोबा खेचरांच्या पायाशी बसले, कीर्तन उभं केलं. आणि एकटे नाही, अख्खं घर कवित्व करू लागलं. आई गोणाई, पत्नी राजाई, चारी मुलं नारा, विठा, गोंदा, महादा, आणि घरात कांडण-दळण करणारी गंगाखेडची जनाबाई. शतकोटी अभंगांचा पण केला आणि तो पुरा करायचा राहिला, म्हणून पांडुरंगाला बरोबर घेऊन तुकोबारायांच्या स्वप्नात आले, ही गोष्ट तुम्हाला आम्ही दर वारीत सांगतो. तुकोबाराय त्या कामाला 'कवित्व' म्हणतात. 'कवित्व करावं' अशी आज्ञा झाली. पण स्वतःला कवी म्हणवून मिरवायचं म्हटलं की नको म्हणतात. काम घ्यायचं, पदवी घ्यायची नाही, असा हा व्यवहार.

मग आपल्या परंपरेत गाणं करणाऱ्याला काय म्हणायचे? नीट पाहिलं तर 'बोलणारा' म्हणायचे. आणि लिहिणारा वेगळा. जनाबाईंच्या नावावर एक अभंग आहे, त्यात कोणाचे बोल कोणी लिहून घेतले याचा हिशेबच दिलाय. निवृत्तिनाथांचे बोल सोपानकाकांनी लिहिले, मुक्ताईचे ज्ञानोबांनी. सावता माळ्यांचे काशिबा गुरवांनी, चोखोबांचे अनंतभटांनी. आणि जनीचे खुद्द पांडुरंगानं. ज्ञानेश्वरीला सच्चिदानंदबाबा लेखक झाले, म्हणजे लिहून घेणारे झाले. तेव्हा लेखक या शब्दाचा अर्थच तो होता. तुकोबारायांचे संताजी जगनाडे तर तुम्हाला माहीतच आहेत. सांगायचं हे, की लिहून घेणाऱ्याचं नाव वेगळं सांगितलं गेलं आणि बोलणाऱ्याचं नाव अभंगाच्या शेवटी बसलं. 'नामा म्हणे', 'तुका म्हणे', 'जनी म्हणे'. म्हणे! केलं असं नाही, रचलं असं नाही. म्हणे. त्याला आपण नाममुद्रा म्हणतो.

कर्नाटकात ह्याच मुद्रेला अंकित म्हणतात. सोळाव्या शतकातले पुरंदरदास आपल्याच विठ्ठलाचे भक्त. त्यांच्या पदाच्या शेवटी येतं 'पुरंदर विठ्ठल'. तिकडं दक्षिणेत वाग्गेयकार हा शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहे. त्यागराज, दीक्षितर, श्यामा शास्त्री हे तिघे त्यांचे मोठे वाग्गेयकार. आपल्याकडं तो शब्द पोथीत राहिला, कारण आपल्याकडं चाल कोणाची हे कोणी विचारलंच नाही.

याचा पुरावा बघा. नामदेवरायांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. पंजाबात घुमानला महाराज राहिले, तिथली माणसं त्यांना भगत नामदेव म्हणतात. गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये ग्रंथ सिद्ध केला तेव्हा पदं रागांप्रमाणे लावली. महाराजांची पदं तिथं अठरा रागांत विभागलेली आहेत. म्हणजे कुठलं पद कोणत्या रागात गायचं हे तिथं ग्रंथच सांगतो. आपल्या गाथ्यात बाळक्रीडा, विराण्या, आत्मसुख असे विषय लावलेत; बोल जसेच्या तसे सांभाळले, चाल मात्र तोंडावर सोडली. ती तोंडातोंडी आली, बदलत आली. औंढ्याची काकड्याची चाल वेगळी, परभणीकडची वेगळी. आणि चांगलंच झालं, नाहीतर नामदेवरायांच्या अभंगाला राम फाटकांनी नवी चाल लावली नसती आणि पंडित भीमसेन जोशींच्या गळ्यातून ती घरोघर गेली नसती. बोल सातशे वर्षांचे, चाल आपल्या आयुष्यातली.

रेडिओ आणि सिनेमा आला तेव्हा या एकाच माणसाचे तीन झाले. गीतकार, संगीतकार, गायक. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं, तेव्हा बोल माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या, आणि तसं सांगितलं जायचं. ज्याचं त्याला मिळालं. पण उलटंही घडतं. १९३६ साली प्रभातनं 'संत तुकाराम' बोलपट काढला. त्यातला एक अभंग शांताराम आठवल्यांनी नव्यानं लिहून दिला होता. तो इतका एकजीव झाला की लोक तो तुकोबांचाच धरून चालले, गाथ्यात शोधू लागले. आजही कैक भजनी मंडळी तसंच समजून म्हणतात. आठवल्यांना त्याचा आनंदच झाला असेल. तरी त्यांचं नाव सांगायला काय लागतं? त्याच बोलपटात सालोमालो आहे, तुकोबांचे अभंग आपल्या नावावर खपवणारा. सालोमालोला पाहून आपण दात-ओठ खातो. आम्हीही खाल्ले. तो सालोमालो आम्ही आहोत, हे तेव्हा सुचलं नाही.

आता आमची चूक.

तुमच्यातल्या पन्नाशीपुढच्यांना आपल्या दिंडीतली ती माउली आठवत असेल. कयाधूकाठची. अक्षर ओळखीचं नाही. तुळस डोक्यावर घेऊन आमच्या माहितीतल्या वीसेक वाऱ्या केल्या. ती पदं करायची. निंदायला-खुरपायला गेली की करायची, आणि वारीत विसाव्याला बायकांच्या फडात म्हणायची. कीर्तनात कधी नाही. कीर्तनाला संतांचाच अभंग, निळोबारायांच्या पुढं जायचं नाही, हा आपला दंडक. तो तिलाही मान्य होता. आम्ही एकदा विचारलं, "माय, आधी बोल येतात का चाल?" तर म्हणाली, "हात चालला की चाल येती. बोल मागून येतेत, वासरावानी." मातु आणि धातु समजून सांगायला आम्हाला चार दिवस लागले. तिनं एका ओळीत सांगितलं होतं.

तिचं एक पद होतं. गंगाखेडला गोदा उतरताना म्हणायची. जनाबाईला हाका मारते, की बाई, जातं राहू दे, नरसीहून तुझा धनी निघालाय, भाकरी बांध आणि चल. चाल अशी, की पखवाजवाल्याला ठेका बदलावा लागायचा. दुसऱ्या ओळीला ती अर्धी मात्रा आधी उचलायची. तशी चाल आम्ही ना आधी ऐकली ना नंतर.

१९९३-९४ साली आमची कॅसेट निघाली. तेव्हा आपण परभणी जिल्ह्यात होतो, हिंगोली जिल्हा पुढं १९९९ ला झाला. कॅसेट साठ मिनिटांची, एका बाजूला तीस मिनिटं. आम्ही ते पद घेतलं. तिला विचारलं होतं, तिनं हो म्हटलं होतं, हे खरं. पण बाजू भरत आली होती. रेकॉर्डिंगवाले म्हणाले, एक कडवं कमी करा. आम्ही शेवटचं गाळलं. आणि वेष्टनावर काय छापायचं असं विचारलं, तेव्हा आम्ही सांगितलं, 'रचना : पारंपरिक'. संतांचं नाही, मग पारंपरिक. दुसरा शब्द आम्हाला सुचला नाही. का सुचला नाही, याचा विचार आम्ही फार उशिरा केला. गाणारी शिकलेली असती, पुरुष असती, तर सुचला असता.

पुढच्या वारीला औंढ्याच्या मुक्कामी ती भेटली. पाया पडली. म्हणाली, "महाराज, गाणं बेस झालं. सगळे वाजवायलेत. पण ते शेवटलं कुठं गेलं? त्यात मी होते."

मायबाप, शेवटच्या कडव्यात तिनं आपलं नाव गुंफलं होतं. नामदेवरायांच्या घरची रीत, जनाबाईची रीत. आम्ही टेपवर जागा नाही म्हणून नेमकं तेच कापलं. ती पुन्हा काही बोलली नाही. त्यानंतर दोन वाऱ्या चालली, आमच्या पुढ्यात चहासुद्धा आणून ठेवायची. मग वैकुंठवासी झाली. आम्हीही विषय काढला नाही.

आज ते पद मोबाईलवर कितीतरी जणांच्या आवाजात आहे. बहुतेकांनी पारंपरिक लिहिलंय, आमचंच बघून. एका बुवांनी तर नवं शेवटचं कडवं करून आपलं नाव घातलंय. त्यांना आम्ही कोणत्या तोंडानं बोलावं? जागा आम्हीच रिकामी करून ठेवली होती. नम्रता ही गाणाऱ्यानं धरायची असते. तुकोबाराय स्वतःला उष्टं बोलणारा म्हणतात, तो त्यांचा अधिकार. म्हणून आपण 'तुका म्हणे' खोडून काढलं का? नाही ना. तिथं आपण कानामात्रा हलू देत नाही.

स्मरणिकेच्या मंडळात हा विषय आम्हीच मांडला. ते पद पूर्ण छापायचं असं ठरलं. पण शेवटचं कडवं कुठं होतं? आम्हाला आठवेना. तिच्या लेकीकडं एक निघालं, नातीकडं एक. दोन्हींत एका शब्दाचा फरक. दोन्ही छापतो आहोत.

मग वाद झाला तो वर काय लिहायचं यावर. एक जण म्हणाला 'गीतकार'. ते सिनेमासारखं वाटतं आणि अर्ध्याच कामाचं नाव आहे, चाल त्यात येत नाही. एक जण म्हणाला 'कवयित्री', तर तिच्या घरची माणसं हसायलीच. 'शाहीर' म्हणावं तर त्याचा बाज वेगळा. 'अभंगकार' म्हणायला जुन्या मंडळींची हरकत, आणि ती रास्त आहे. परीक्षा देणारं पोरगं म्हणालं, "अर्थानं बघितलं तर वाग्गेयकारच. बोल तिचे, चाल तिची, कोणाचं उष्टं नाही." आम्हालाही पटलं. शार्ङ्गदेवांच्या यादीतलं व्याकरण आणि अनेक भाषा तिच्याकडं नव्हत्या. नवी चाल, ताल, ओलावा आणि दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं भरपूर होतं. पण ते टाळकरी बाबा तिथंच बसले होते. म्हणाले, "पुन्हा ते वाघ्या? तिला कोण वाचणार?"

शेवटी घरच्यांना विचारलं. लेक म्हणाली, वर काही पदवी घालू नका आणि नावही वर वेगळं छापू नका. तिनं जिथं घातलंय तिथंच वाचू द्या. म्हणून पदाच्या वर एवढंच येईल : 'बोल आणि चाल एकाच माउलीची. नाव शेवटच्या कडव्यात.' आम्हीही आज इथं तिचं नाव घेत नाही, ते पदातूनच ऐका. फलकावरचा वाग्गेयकार मात्र राहू द्या, आता बाबांनाही अर्थ माहीत आहे.

तिची नात टाळ घेऊन त्या बाजूला बसलीय. आम्ही सुरू केलं की कॅसेटवाली चाल तोंडात येते, तीस वर्षं तीच म्हटली ना. तेव्हा सुरुवात तिनं करावी. पेटीवाल्यांनी पट्टी तिला विचारून धरा. आणि पखवाज, दुसऱ्या ओळीला सांभाळा, ती अर्धी मात्रा आधी उचलते.